फोडणीआधीचा वाटा : आपल्या ताटातलं कुत्र्याला काय चालतं, काय नाही

कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीकडून ऐकली आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, पितृपक्षात कावळ्याबरोबर कुत्र्यासाठीही घास काढून ठेवणारी घरं आजही आहेत. म्हणजे कुत्र्याला आपल्यातला घास देणं आपल्याकडे नवं नाही. नवं आहे ते वेगळंच. अंगणातला कुत्रा आता फ्लॅटमध्ये आला, सोफ्यावर बसू लागला आणि आकाराने लहानही झाला. शिवाय आपल्या डब्यांत बेदाणे, चॉकलेट, शुगर-फ्री मिठाई अशा वस्तू बारा महिने असू लागल्या. देणारा हात तोच आहे, माया तीच आहे. फक्त घासात काय आहे हे आता बघावं लागतं.

आपलं सुरतेतल्या मराठी घरांचं ताट तसं दोन मुलखांचं आहे. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत तर निम्मं खानदेश वसलेलं आहे, त्यामुळे घरात भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी. आणि शेजारच्या घरातून येतं ते उंधियू, लोचो, पोंक, घारी. घरातल्या कुत्र्याला यातलं सगळंच मिळतं. मोबाइलवर ‘कुत्र्याला काय देऊ नये’ असं शोधलं की मॅकाडेमिया आणि ॲव्होकॅडो यांची नावं वर येतात. मॅकाडेमिया कुत्र्याला खरंच बाधतो, पण आपल्यापैकी किती जणांच्या घरी तो असतो? भरताचं काय, सत्यनारायणाच्या शिऱ्याचं काय, चिंचेच्या चटणीचं काय, हे तिथे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘माणसाचं अन्न कुत्र्याला विषच’ हे खरं नाही, आणि ‘आमच्या गावाकडचा कुत्रा आयुष्यभर उरलंसुरलं खाऊन जगला’ हा त्यावरचा पुरेसा उत्तरही नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढलेला प्राणी आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत सापडतात. थोडक्यात, पोळी-भात पचवायला कुत्रा माणसाच्या संगतीत शिकला आहे. पोळी त्याची शत्रू नाही. पोळीबरोबर जी भाजी जाते, तिच्यात गोम आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. पाच किलोच्या पॉमेरेनियनला आपण शंभर ग्रॅमचा मिठाईचा तुकडा दिला, तर साठ किलोच्या माणसाने सव्वा किलो मिठाई एका बैठकीत खाल्ल्यासारखं होतं. ‘एवढंसंच तर दिलं’ हे आपल्या मापाने असतं. पुढे जे आकडे येतील ते सगळे दर किलो वजनाचे आहेत, हे लक्षात ठेवून वाचावं.

कांदा आणि लसूण

आपल्या स्वयंपाकापुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. कांदा, लसूण, कांद्याची पात, हिरवा लसूण, सगळे एकाच कुळातले. यांत जी गंधकयुक्त द्रव्यं असतात ती कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. पेशी कमकुवत होऊन फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. माणसाच्या पेशी हे सहन करतात, कुत्र्याच्या करत नाहीत. मांजराच्या तर त्याहूनही कमी.

किती कांदा धोक्याचा? एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा पोटात गेला तर विषबाधा दिसते, असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत धरलं जातं. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे झाले पन्नास ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा कांदा. लसूण याहून तीव्र, तो कमी प्रमाणातही बाधतो. आणि रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साठत जातं.

लोकांची इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, शिजवल्याने कांद्याचा दोष जातो असं वाटतं. जात नाही. भाजला, तळला, वाळवला, पूड केली, तरी तो तसाच राहतो. उलट वाळवलेल्या पुडीत तो एकवटतो. कांदा-लसूण मसाल्याचा एक चमचा म्हणजे किती कांदा, याचा हिशेब आपण कधी केलेला नसतो. दुसरं, लक्षणं लगेच दिसत नाहीत. कांदा खाल्ल्यावर कदाचित एखादी उलटी होते, कुत्रा पुन्हा शेपूट हलवू लागतो, आपण विसरून जातो. खरं लक्षण दिसतं दोन-चार दिवसांनी : कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते, लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची होते. तोवर रविवारच्या भरताशी याचा संबंध आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि डॉक्टरांना सांगायचंही राहून जातं.

भरताचं नाव मुद्दाम घेतलं. हिवाळ्यात आपल्याकडे भरीत पार्ट्या होतात. खानदेशी भरतात वांग्याच्या जोडीला कांद्याची पात असते ती चव येण्यापुरती नव्हे, चांगली मूठ-मूठभर. वर लसूण आणि हिरवी मिरची. उरलेलं भरीत पुरीत कालवून गेटवरच्या कुत्र्यांना घालणं हा प्रेमाचा प्रकार असला तरी घातकच. काळ्या मसाल्याच्या शेवभाजीचं तेच. तिचा रस्साच मुळी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा आणि लसणाचा. सुरती उंधियूत हिरवा लसूण सढळ हाताने पडतो आणि पोंकाबरोबरची चटणीही त्याचीच, तेव्हा उत्तरायणच्या दिवशी गच्चीवर पतंगाच्या गडबडीत कुत्र्यासमोर पातेलं उघडं ठेवू नये. आणि कांदेनवमीच्या भज्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

लसूण खाऊ घातला की कुत्र्याला गोचीड लागत नाहीत, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. गोचिडांसाठी डॉक्टरांकडे चांगली औषधं आहेत. लसणाच्या पाकळ्यांनी गोचीड जाण्याऐवजी कुत्रा आजारी पडायची शक्यता जास्त.

बेदाणे, द्राक्षं आणि चिंच

कांद्याबद्दल निदान ऐकलेलं असतं. द्राक्षांबद्दल मात्र आपल्या माणसांचा विश्वास बसत नाही. नाशिककडचा पाहुणा द्राक्षांची पेटी घेऊन येतो, मुलं एक एक द्राक्ष हवेत उडवतात, कुत्रा ते झेलतो, सगळे टाळ्या वाजवतात. जगभर हे चालूच होतं. साधारण २००० सालाच्या आसपास अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांना लक्षात येऊ लागलं, की द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात. काहींची, सगळ्यांची नव्हे. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राही, आणि दुसरा चार दाण्यांनी आजारी पडे. कारण काय हे वीस वर्षं कुणाला उमगेना. बुरशी, कीटकनाशक, नाना शंका घेऊन झाल्या.

उलगडा झाला तो भलत्याच वाटेने. मुलांना खेळायला घरी जो रंगीत मळलेला गोळा करतात, त्यात तिकडे ‘क्रीम ऑफ टार्टर’ नावाची पूड घालतात. असा गोळा खाल्लेल्या एका कुत्र्याला अगदी द्राक्षांसारखीच बाधा झाली. ही पूड म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. आणि द्राक्षात जे आम्ल मुबलक असतं तेही टार्टारिकच. २०२१ साली त्या केंद्राच्या डॉक्टरांनी हा धागा अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात मांडला. माणसाला या आम्लाने काही होत नाही, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते नीट बाहेर टाकता येत नसावं, असा आज तज्ज्ञांचा कल आहे. द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे आम्लाचं प्रमाण बदलतं, म्हणून एका घोसाने काही होत नाही आणि दुसऱ्याने होतं. म्हणूनच ‘आमच्याने मागच्या वर्षी खाल्ली होती, काही झालं नाही’ या वाक्याला इथे अर्थ नाही.

बेदाणा द्राक्षाहून वाईट, कारण साधारण चार किलो द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, आम्ल राहतं. आणि बेदाणा आपल्याकडे कुठे नसतो? प्रसादाच्या शिऱ्यात, खिरीत, पंचखाद्यात, लाडवावर टोचलेला, पुलावात, दिवाळीच्या चिवड्यात. कांदा-लसूण नसलेलं नैवेद्याचं पान म्हणजे कुत्र्यालाही निर्धोक, असं मनाला वाटतं. पण सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण कुत्र्यापुढे ठेवला, तर त्यात तूप आणि साखर आहेच, वर बेदाणेही आहेत. प्रसादाला नाही म्हणू नये हे मान्य. पण पूजेत केळंही असतं. घरच्या कुत्र्याला त्या केळ्याचा एक काप प्रसाद म्हणून दिला तर परंपराही राहते आणि कुत्राही. घरात शिरा करतानाच बेदाणे शेवटी, वरून घालण्याची पद्धत ठेवली तर आणखी सोपं होईल. नुसते बेदाणे वेचून काढलेला शिरा मात्र देऊ नये. शिजताना त्यांचा अंश शिऱ्यात उतरलेला असतो.

आता चिंच. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच टार्टारिक आम्लाचा. २०२२ साली त्याच मंडळींनी चिंच खाऊन मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्यांची प्रकरणं प्रसिद्ध केली. तिकडे चिंच ही अपूर्वाई. आपल्याकडे वर्षाची साठवण. उन्हाळ्यात चिंचा फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करून ठेवण्याचं काम आजही काही घरांत गच्चीवर किंवा ओटल्यावर चालतं, आणि तिथे कुत्रा घुटमळतोच. आमटीच्या एका थेंबाने कुणी मरत नाही. पण चिंचेचा गोळा, भेळेची आंबटगोड चटणी, मुलांच्या चिंचेच्या गोळ्या या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवायच्या.

द्राक्ष, बेदाणा किंवा चिंच, यातलं काहीही खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट पाहायची नाही. पहिल्या दिवसात उलट्या होतात, मग कुत्रा खाणं सोडतो, लघवी कमी होत जाते. ती थांबेपर्यंत थांबलं तर फार थोडं हाती राहतं. सुरुवातीलाच सलाइन मिळालं तर बरेच कुत्रे वाचतात.

घारी, आणि नामदेवांच्या वाटीतलं तूप

कोजागरीला आपण मसाला दूध आटवतो आणि दुसऱ्याच दिवशी अख्खं सुरत चंदनी पडवा म्हणून घारी आणि भुसू घेऊन बाहेर पडतं. (आपली घारी म्हणजे लाल भोपळ्याची, घारग्याच्या वंशातली. इथली घारी वेगळी : आत खवा आणि सुकामेवा, बाहेर मैद्याचं पातळ आवरण आणि त्यावर साजूक तुपाचा थर. तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी ती पहिल्यांदा केली गेली, अशी कथा सुरतेत सांगतात. खरंखोटं काहीही असो, आपल्याला ऐकायला बरं वाटतं.) सैनिकांना बळ द्यायला केलेला पदार्थ सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला काय करेल, याचा अंदाज बांधायला फार विचार लागत नाही. शंभर ग्रॅमच्या घारीत पाच किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेहून जास्त उष्मांक असतात, आणि त्यातला मोठा भाग तुपाचा.

एकदम भरपूर स्निग्ध पोटात गेलं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. हा दिवाळीच्या दिवसांतला ओळखीचा आजार. पुन्हा पुन्हा उलट्या, पोट आवळून पाठ वाकवून उभं राहणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर धरणं, पाण्यालाही तोंड न लावणं, ही त्याची लक्षणं. साधं अपचन वाटून एक-दोन दिवस घरात काढले जातात आणि तेवढ्यात आजार बळावतो. लठ्ठ आणि वयस्क कुत्र्यांना जपावं.

तूप विष नाही. पोळीला बोट लावून पुसल्याएवढं तूप निरोगी कुत्र्याला पचतं. नामदेवांचा कुत्रा दिवसभर पंढरपूरभर हिंडणारा होता, आपला कुत्रा लिफ्टने खाली जाऊन वीस मिनिटांत परत येतो. वाटीचं माप तेवढं बदलायला हवं.

भुसू, शेव, पापड, कुरडई यांत प्रश्न मिठाचा आणि तिखटाचा. एखादा तुकडा पडला-उचलला तर काही होत नाही, पण परात भरून उरलं म्हणून घालायचं नाही. जायफळ मोठ्या प्रमाणात कुत्र्याला बाधतं, पण मसाला दुधात किंवा श्रीखंडात पडतं तेवढ्याने घाबरून जायचं कारण नाही. त्या दुधातली साखर आणि साय हीच जास्त त्रासदायक.

चॉकलेट, चहा, शुगर-फ्री

चॉकलेटबद्दल आता बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे फक्त प्रमाण सांगतो. कोकोतलं थिओब्रोमिन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या आणि अस्वस्थपणा, ४० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडणं, ६० च्या आसपास झटके. साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, कडू चॉकलेटमध्ये ५, आणि कोको पावडरमध्ये त्याच्या कितीतरी पट. पाच किलोच्या कुत्र्याला त्रास सुरू व्हायला दुधाचं चॉकलेट ५० ग्रॅम लागेल, कडू २० ग्रॅम, आणि कोको पावडर जेमतेम दोन चमचे. वाढदिवसाचा केक घरी करणाऱ्यांनी कोकोचा डबा बंद ठेवावा. चहा-कॉफीतलं कॅफिन याच जातीचं. चहाचा चोथा कुंडीत टाकायची सवय असेल तर कुत्रा तो उकरत नाही ना, हे पाहावं.

शुगर-फ्रीचा धोका मात्र अजून पुष्कळांना ठाऊक नाही. आजोबांना मधुमेह असतो, म्हणून घरात बिनसाखरेच्या गोळ्या, च्युइंगम, बिस्किटं असतात. त्यांतल्या काहींत झायलिटॉल असतं. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक पातळीला घसरते. किलोमागे ०.१ ग्रॅम एवढंच पुरतं, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतही निकामी होऊ शकतं. दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम, म्हणजे च्युइंगमच्या दोन-तीन गोळ्या. पाकिटावर झायलिटॉल हे नाव किंवा ९६७ हा क्रमांक दिसला की ती वस्तू वरच्या कप्प्यात. सगळ्या शुगर-फ्री वस्तूंत झायलिटॉल नसतं, पण वाचल्याशिवाय कळत नाही.

मद्याबद्दल लिहायची गरज नाही, आपण गुजरातेत राहतो. तरी एक राहतंच : पाव किंवा पिझ्झ्यासाठी यीस्ट घालून मळलेली कच्ची कणीक कुत्र्याने गिळली तर ती पोटात फुगते आणि तिथेच मद्यार्क तयार होतो. परवाना नसतानाही.

मटण-चिकन-मासे करणाऱ्या घरांसाठी एवढंच, की शिजलेलं हाड कधीही देऊ नये. कच्च्या हाडात थोडा चिवटपणा असतो. शिजलेलं ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. मटणाच्या नळीसाठी घरात भांडणं होतात तिथे ती कुत्र्याला मिळण्याचा प्रश्नच नाही म्हणा. वलसाडच्या हापूसचा गर कुत्र्याला चालतो, कोय नाही. ती गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. चिकू आणि सीताफळ द्यायचं तर बिया काढून.

मग द्यायचं काय?

उत्तर सोपं आहे आणि त्यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. नैवेद्याचं पान आपण कुणी चव घेण्याआधी वाढतो, तसंच हे. वरण शिजलं, मीठ आणि फोडणी पडायची आहे, त्या वेळी एक डाव बाजूला. साधा भात, बिनमिठाची मऊ मूगडाळीची खिचडी, कोरडी पोळी, ज्वारी-बाजरीची भाकरी, तूप न लावलेली बट्टी, उकडलेला लाल भोपळा, दुधी, गाजर, रताळं, काकडी, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, थोडं पनीर, आंबट न झालेलं दही, बिनमिठाचं ताक. फळांत सफरचंद (बिया काढून), पपई, बिया काढलेलं कलिंगड आणि अर्थातच केळं. तापीच्या काठाकाठाने जळगाव-रावेरची केळी आणि आपली माणसं दोन्ही सुरतेला आली. त्यातलं अर्धं केळं कुत्र्याला द्यायला हरकत नाही.

दुधाची गोष्ट वेगळी. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होते. काहींना दूध चालतं, काहींचं पोट बिघडतं. ज्याचं बिघडतं त्याला दही-ताक द्यावं.

आता थोडं कडू वाटेल ते. आपल्या कितीतरी घरांत कुत्रा रोज दूध-पोळीवर असतो. दूध-पोळी विष नाही, पण ती पुरेशीही नाही. तिच्यात प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण त्याच्या गरजेचं नसतं, आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकण्यापर्यंत मजल जाऊ शकते. घर शाकाहारी असेल तरी कुत्र्याचा आहार नीट बसवता येतो, पण तो डॉक्टरांना विचारून बसवावा. आपल्याला परवडतं आणि तो आवडीने खातो, एवढ्यावर सोडू नये. नेहमीचं पूर्ण जेवण एकीकडे, आणि आपल्या ताटातला लाडाचा घास एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, असा हिशेब पशुवैद्य सांगतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हा लाड म्हणजे दिवसाला अर्धी पोळी. आजी, आजोबा, दोन मुलं आणि कामाच्या मावशी असे पाच जण प्रत्येकी अर्धी देत असतील, तर काय होतं ते कुत्र्याच्या कमरेकडे पाहून कळतं.

महाप्रसादानंतर

गणेशोत्सवात किंवा एखाद्या मोठ्या जेवणानंतर पातेल्यांत बरंच उरतं. मसालेभात, बटाट्याची रस्सा भाजी, जिलेबी, सगळं एकत्र करून हॉलमागच्या कुत्र्यांपुढे ओतलं जातं. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण त्या एका ढिगात या लेखातलं जवळजवळ सगळंच असतं, शिवाय द्रोण-पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही. आचाऱ्याला सकाळीच सांगून ठेवलं, की भाताला मसाला पडण्याआधी एक पातेलं साधा भात वेगळा काढ, तर खर्च काहीच वाढत नाही. त्यात बिनफोडणीचं वरण कालवलं की झालं. बाजूला पाण्याचं भांडं ठेवावं. सुरतेच्या उन्हात त्याची किंमत भातापेक्षा जास्त. ग्लुकोज बिस्किटांचे पुडे वाटणाऱ्यांनीही हा विचार करावा : बिस्किटात मैदा आणि साखर, पोट भरल्यासारखं होतं आणि हाती काही लागत नाही.

खायला कुठे घालायचं यालाही आता नियम आहेत. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे सोसायटीने मुलांची खेळायची जागा, जिने आणि ये-जा करायचे रस्ते सोडून खाऊ घालण्याची जागा ठरवायची असते. आणि २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यात कुठेही न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावं असं सांगितलं. सोसायटीत यावरून होणारे वाद पाहता जागा आधी ठरवून घेणं सगळ्यांच्या सोयीचं.

खाल्लंच तर

काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, या चार गोष्टी कागदावर लिहून लगेच आपल्या पशुवैद्यांना फोन करावा. पाकीट असेल तर ते बरोबर न्यावं, उलटी झाली असेल तर तिचा मोबाइलवर फोटो काढावा. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर औषध देऊन उलटी करवू शकतात. पुढे तो मार्ग बंद होत जातो. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नये, त्या मिठानेच आणखी एक विषबाधा व्हायची. तूप, दूध किंवा हळदीचं दूध पाजून विष ‘मारलं’ जात नाही. आपल्या डब्यातली तापाची किंवा दुखण्याची गोळीही देऊ नये; त्यांतल्या काही कुत्र्याला विषारी असतात. मोठी तपासणी लागली तर नवसारीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हे माहीत असू द्यावं.

रस्त्यावरचा कुत्रा आजारी किंवा जखमी दिसला तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. ही गुजरात सरकारची ‘करुणा ॲनिमल ॲम्ब्युलन्स’ सेवा आहे, २०१७ पासून सुरतेतही चालते आणि निराधार प्राण्यांसाठी मोफत आहे. फोन करताना जवळची खूण नीट सांगावी, आणि शक्य असेल तर गाडी येईपर्यंत तिथे थांबावं. कुत्रा हलतो आणि गाडीला सापडत नाही.